तळ्यातलं सासर

धाकटी जाऊ पाहुणीसारखी वागत होती आणि थोरलीला ते मुळीच खपत नव्हतं. ज्या घरात जन्म काढला त्या घरात शिरताना बाईनं दारावर टकटक केली. चहा पुढे केला तर म्हणे, "कशाला उगाच त्रास." नवरा गेल्यापासून ती आपल्या भावाकडे राहत होती. आज उरलेले कपडे न्यायला आली होती. संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन येणार, की कायमची तिकडचीच.

"निदान पाण्यात तरी चल," थोरली म्हणाली. "का त्यालाही भावाची परवानगी लागते?"

"या वयात, जाऊबाई?"

"पाणी वय विचारत नाही. लोकच विचारतात."

घरामागचा उतार उतरून दोघी तळ्यावर आल्या. अंगात जुने गाऊन, गुडघ्यांची तक्रार चालूच. लाकडी धक्क्याच्या पायऱ्या एकमेकींना धरत, एकमेकींवर डाफरत उतरल्या आणि खांब धरून पाण्यात शिरल्या.

नव्या नवऱ्या होत्या तेव्हा सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की दोघी इथं पळत. उन्हाळ्यात वरचं पाणी ऊन ऊन असायचं. त्याला त्यांनी नाव ठेवलं माहेर. खाली पाय सोडले की घोट्यांना झोंबायचं ते गार पाणी सासर. दोन्हींच्या मधे वीतभर जागा होती, तिथं एकाचं एकदम दुसरं व्हायचं. तो उंबरठा. दोघींनी पाय सासरी सोडायचे आणि जी आधी वर ओढेल तिनं मनातलं एक खरं सांगायचं, असा खेळ होता. दर वेळी धाकटी हरायची. बरणी मांजरानं नाही, मीच फोडली. हे घोरतात म्हणून मला रडू येतं. सासूबाईंपेक्षा मला तुमचीच भीती वाटते. थोरली कधी हरली नाही, त्यामुळे तिला कधी काही सांगावंच लागलं नाही.

"सोड पाय," थोरली म्हणाली.

दोघींनी पाय सोडले. धाकटीनं डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं तिनं एक उघडला.

"जाऊबाई, सासर लागत नाहीये."

"आणखी खाली जा. मोठी झालीस म्हणून उंच नाही झालीस."

"गेले. इथंही तेच. वर जेवढं गार तेवढंच."

थोरलीनं अंगठ्यानं पाणी चाचपलं, अंधारात चप्पल शोधावी तसं. कुठंच काही बदलत नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं. रात्री गार पडायला लागल्या होत्या. वरचं पाणी निवून जड झालं, खाली गेलं, खालचं वर आलं, सगळं एकजीव झालं. दर वर्षी होत असणार. पण या दिवसांत त्या दोघी कधी पाण्यात उतरल्याच नव्हत्या.

"तळं पालटलंय," ती म्हणाली.

धाकटी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच, आणि तोंडावर हात न ठेवता. "मग आज हरायचं कुणी?"

वर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार लागलं. कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. धाकटीनं मान वळवली, तिचा हात पायरीकडे गेला.

थोरलीनं दोन्ही पाय वर ओढून पोटाशी घेतले. तशी ती नाकापर्यंत बुडाली, पाणी प्यायली, खोकली.

"अहो जाऊबाई, काय करताय? सासर लागलंय कुठं?"

थोरलीनं खांबाला मिठी मारली, तोंड पुसलं आणि धाकटीकडे रागानं पाहिलं.

"आपमतलबी आहेस तू," ती म्हणाली. "एकटीच निघालीस माहेरी."