तिसरा चमचा

उकडलेल्या अंड्यावर जॅम थापून तो मजेत खात होता आणि आई त्याच्याकडे डोळे भरून बघत होती.

"बघ गं, अजून तेच. माझा हावऱ्याच हा."

"अंडं नि जॅम कोणीही खाईल," ताई म्हणाली. "जिभेला चव नसली की झालं."

तो तोंडभर घास घेऊनच हसला. ही खोडही जुनीच, असं आईचं म्हणणं. आठ दिवस ती दुसरं काही बोलतच नव्हती.

हावऱ्या सात वर्षांचा होता तेव्हा फाटकातून बाहेर पळाला आणि परत आला नाही. त्याला जाताना पाहणारी एकटी ताई, तेव्हा अकरा वर्षांची. सव्वीस वर्षांनी हा माणूस दारात उभा राहिला, आणि आईने त्याला नावगावसुद्धा न विचारता पान वाढलं. रक्ताच्या तपासणीचा विषय निघाला की ती कानांवर हात ठेवायची.

"उद्या सुतारशाळेची किल्ली दे त्याला," आई म्हणाली. "ते करवतीचं यंत्र विकून, खालचा चौथरा फोडून जागा मोकळी करतो म्हणतोय."

ताईचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. बाबांमागे ती किल्ली तिच्याकडेच असायची. "बाबांच्या यंत्राला हात लावायचा नाही."

"कसलं मेलं यंत्र. जन्मभर डुगडुगलं. हे पोराला शोधत वणवण फिरत होते, आणि इकडे गवंड्यांनी चौथऱ्याच्या खड्ड्यातला भुसासुद्धा न काढता काँक्रीट ओतलं. बसणार कसं ते?"

तो अंड्याचा बलक बोटाने टिपत होता. त्याने मान वर केली नाही.

हा माणूस भामटा आहे याबद्दल ताईला तिळमात्र शंका नव्हती. आईला ते आजच दाखवायला हवं होतं. उद्या पहार चालली असती.

"हावऱ्या आणि माझा एक खेळ होता," ती म्हणाली. "आईलाही ठाऊक नव्हता. सांग कुठला?"

त्याने खिशातून रुमाल काढला, डोळ्यांवर बांधला आणि पाखराच्या पिल्लासारखा आ वासला.

"आधी गिळायचं, मग ओळखायचं," तो म्हणाला. "थुंकलं तर हरलो. बरोबर ना, ताई?"

"अगं बाई," आई म्हणाली. "म्हणजे माझे डबे तुम्ही रिकामे करत होतात? आणि मी मोलकरणीला बोलायची."

ताई स्वयंपाकघरात गेली. डबे उघडून तिने दोन चमचे कालवून आणले. पहिला चमचा त्याने गिळला. "केळं आणि मोहरीची पूड. माझी कीव करतेस होय?" दुसराही गिळला. "दूधपावडर, कॉफी. आणि लिंबू. लिंबात नेहमी फसवायचीस."

आईने टाळ्या वाजवल्या. तिचे गाल ओले झाले होते.

"आता तुझी पाळी," तो म्हणाला.

"पुरे झालं."

"बस गं," म्हणत आईनेच रुमाल तिच्या डोळ्यांवर करकचून बांधला. "आठ दिवस नाक फुगवून बसलीये नुसती."

अंधारात ताईने कान टवकारले. त्याची पावलं स्वयंपाकघराकडे वळली नाहीत. ती बोळातून मागे गेली. सुतारशाळेची कडी कुरकुरली, दार उघडलं. ताईने कमर चाचपली. किल्ली जागच्या जागी होती.

पावलं परत आली. ओठांना गार चमचा लागला. वर जॅम होता. जॅमखालून एक उग्र वास आला, बाबांच्या पॉलिशच्या बाटल्यांमधला, सगळ्यात खालच्या फळीवरचा. ताईने दात आवळले.

"काय घातलंयस रे इतकं?" आई हसत विचारत होती. "तोंडच उघडेना ही."

तो वाकला. त्याचा श्वास ताईच्या कानाला लागला नाही, फक्त आवाज लागला.

"मी तर गिळलं होतं, ताई. उत्तरही देत होतो. पण तोवर तू माझ्यावर भुसा लोटायला लागली होतीस."