काट्यांचा मासा

ओटी भरून झाली, तरी ताटातल्या माशाला कोणी हात लावेना. मासेमार ढिवरांच्या वस्तीत डोहाळजेवणाला मासा वाढायची रीत कधी मोडली नव्हती. पण तीन पिढ्या तो कणकेचा, तळलेला असायचा. वीजकेंद्राच्या धुरातून उडालेला पारा तळ्यात उतरे, म्हणून तळ्यातला मासा सगळ्यांनाच वर्ज्य होता. आज ताटात खरा मासा होता.

"खाऊ नको वो माय," वनमालाबाई गरोदर सुनेला, कौतिकाला म्हणाल्या. त्यांच्या बहिणीनं पोटुशी असताना तळ्यातला मासा चोरून खाल्ला होता; तिचं पोर पाऱ्यापायी मुकं जन्मलं होतं. "उडता पारा कोणाच्या बापाला धरता येते काय?"

"आमच्या जाळीला येते, आत्याबाई." कौतिका वीजकेंद्रात त्या जाळीवरच कामाला होती. "धूर जाळीतून जाताना पारा क्लोरीनशी जुळते. मग तो धूर धुवायच्या पाण्यात विरघळून केंद्रातच राहते. तळ्यातला मासाही तपासला. साफ आहे."

"म्हंजे पाऱ्याचं लगीन लावता तुम्ही!" शेजारीण हसली.

कौतिकानं कणकेच्या माशाच्या सवयीनं मोठा तुकडा तोंडात घातला आणि एकदम थांबली.

वनमालाबाईंनी तिच्या तोंडापुढे ओंजळ धरली. "थुंक! काय झालं?"

"काहीतरी टोचलं."

'काटा' हा शब्द वस्तीत बाभळीसाठीच उरला होता. वनमालाबाईंनी मासा उलगडला. आत कण्याच्या दोन्ही बाजूंना काटेच काटे, फणीसारखे नीट बसवलेले. कणकेचे मासे वळण्यात हात बसलेल्या त्या बायका वाकून बघतच राहिल्या.

वनमालाबाईंनी एक काटा काढला, मग दुसरा. मऊ घास मोकळा केला आणि स्वतःच सुनेच्या ओठांशी नेला.