उजव्या बटणावरची पाल

“हे काय आहे, काका?”

तिने फोटोवर बोट ठेवलं. म्हातारा फिटर चष्मा शोधायला लागला. चष्मा त्याच्या कपाळावरच होता, आणि ती वस्तू त्याने चष्म्याशिवायच ओळखली होती.

फोटोत दिसतं ते असं. एक प्रेस मशीन. शेजारी त्याचा जिवाभावाचा मित्र, म्हणजे हिचा बाप, पत्र्याचं एक झाकण उंच धरून हसतोय. त्या पाळीच्या विक्रमी मालातलं शेवटचं झाकण. उंच धरलंय ते उजव्या हाताने. तो हात या मुलीने कधी पाहिला नाही. फोटोनंतर आठव्या दिवशी तो प्रेसखाली गेला, आणि ही जन्मली त्यानंतर. मशीनच्या दोन टोकांना दोन बटणं. उजव्या बटणाच्या खाचेत करंगळीएवढं काहीतरी काळं. शेपटीसारखं.

“आई म्हणते, पाल आहे,” ती म्हणाली. “तुमच्या कारखान्यात झाडू मारायला कुणाला वेळ होता, म्हणते.”

तो हसला. हसणं भाग होतं.

फोटोत दिसत नाही ते असं. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे दोन्ही हात बाहेर, सुखरूप. पण एका बटणात पाचर मारून ते दाबलेलंच ठेवलं, की एक हात मोकळा. माल पटापट आत सरकतो, पाळी संपताना साहेब पाठ थोपटतो. पाचर पोलादी होती. मित्राच्या बोटाला कड लागू नये म्हणून कुणीतरी जेवणाची सुट्टी मोडून ती कानशीने घासून गुळगुळीत केली होती.

“चौकशीत लिहिलंय, कोपराने बटण दाबून बाबांनी हात मुद्दाम आत घातला. काम टाळायला.” ती एकसुरात बोलत होती, पाठ केल्यासारखी. “आईने तेच धरून ठेवलं. सत्तावीस वर्षं त्यांना कामचुकार म्हणत ताट वाढलं. मागच्या महिन्यात बाबा गेले, तरी तिचं तेच. तिला सांगायला मला एवढंच हवंय, काका. हे काय आहे?”

“तो काय म्हणाला होता चौकशीत?”

“काही नाही. तुम्ही होतात ना तिथे.”

होता. मित्राने ब्र काढला नव्हता. तो बेशुद्धच झाला असणार, त्याला काही आठवतच नसणार, अशी या फिटरने सत्तावीस वर्षं स्वतःची समजूत घातली होती. समजूत चांगली टिकली. पाचरीसारखीच, घासून गुळगुळीत केलेली.

सून चहा ठेवून गेली. “विचारा, विचारा. आमच्या बाबांना मशीनचा खिळा न् खिळा पाठ आहे,” जाता जाता म्हणाली. तिच्या मागे कपाटावर पितळी ढाल. वीस वर्षं विनाअपघात, सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून. त्या अपघातानंतरच ती जागा तयार झाली होती, आणि सगळ्यात सावध माणूस म्हणून यालाच मिळाली होती.

त्याने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मित्र हसत होता. तोंड उघडलं की दोन वाक्यांत काम होणार होतं. त्याने तोंड उघडलंही. मग स्वयंपाकघरातून नातवाला हाक मारणाऱ्या सुनेचा आवाज आला.

“पालच आहे,” तो म्हणाला. “फार असायच्या तिथे.”

ती चिडली नाही. चहाचा कप तेवढा बाजूला सरकवला, न पिता.

“बाबा म्हणाले होते, आधी पुढची बाजू दाखव. त्याने सांगितलं, तर फोटो उलटा करू नकोस.”

तिने फोटो उलटा करून त्याच्यासमोर ठेवला. मागे डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखी गिरवलेली अक्षरं होती.

‘सगळे माझ्याकडे धावले. तू बटणाकडे. पाचर काढलीस, खिशात टाकलीस, आणि मग माझं डोकं मांडीवर घेतलंस. मी शुद्धीवर होतो.’