वाघ नसलेली गोष्ट

आजोबा नातीला, मुंगीला, कडेवर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले आणि आतल्या चौघांनी हातातली कामं टाकून खुर्च्या ओढल्यासुद्धा. आजोबा आले म्हणजे गोष्ट आली. दोन बस बदलून, दोन वर्षांच्या मुंगीला घेऊन म्हातारा भर दुपारी कशाला आला असेल, हे कुणी विचारलंच नाही.

चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. रस्त्याच्या कडेला डोळे चमकले की लांबूनच सांगायचे, हे कुत्रं, ती गाय, तो कोल्हा. एवढं खरं. बाकी सगळी फोडणी. घाटात ट्रकचे दिवे गेले तेव्हा बॉनेटवर वाघ बसवला आणि त्याच्या डोळ्यांच्या उजेडात ट्रक खाली आणला, ही त्यांची नावाजलेली गोष्ट. याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लेकीनं एकदा समजावलं होतं की बाबा, वाघाचा डोळा काही आपणहून पेटत नाही. आत आरशासारखं अस्तर असतं, आपलाच उजेड परत येतो. दिवेच गेले तर वाघ काय करणार? आजोबा म्हणाले होते, "तुझा वाघ शिकलेला असेल. माझा अडाणी होता."

तेव्हापासून घरात कायदाच झाला. बाबांचं काहीही असो, भागिले दहा. दहा कोल्हे म्हणाले की एक कोल्हा. एक वाघ म्हणाले की मांजराचं शेपूट. प्रयोगशाळेतही गोष्ट संपली की सगळे एका सुरात ओरडायचे, भागिले दहा. सगळ्यांत मोठा आवाज आजोबांचाच असायचा.

आज येताना बसमध्ये त्यांनी वाक्यं जुळवून पाहिली होती. प्रत्येक वाक्याला सवयीनं शेपूट फुटत होतं. तोडता तोडता शेवटी चार उरली होती.

लेक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. फुलांच्या कळ्यांचे पातळ काप करायचे आणि परागकोशाच्या आतलं अस्तर तपासायचं, हे तिचं काम. ते अस्तर परागकणांना खाऊपिऊ घालतं आणि वेळ झाली की स्वतः विरघळून जातं. वेळेवर गेलं नाही तर परागकण पोकळ राहतात. या अस्तराचं आणि जनावराच्या डोळ्यातल्या आरशाचं शास्त्रातलं नाव एकच, टॅपेटम. आजोबांनी त्यावरही रचलं होतं की हा आमचा पिढीजात धंदा, मी रस्त्यावर टॅपेटम मोजले, लेक फुलात मोजते.

मान वर न करताच ती म्हणाली की बाबा, आज वाघाला जरा लवकर आटपा, माझे काप वाळतायत.

"सकाळी मुंगीचा चेंडू पलंगाखाली गेला," आजोबा म्हणाले. "मागोमाग ती शिरली. मी बॅटरी मारली. तिचा डावा डोळा चमकला."

खसखस पिकली. काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या की आजोबांनी या वेळी वाघ घरातच पाळला म्हणायचा. कुणीतरी विचारलं, मिशा फुटल्यात का. सगळे हसतायत म्हणून मुंगीही हसली आणि तिनं आजोबांचा कान ओढला. मग सगळे पुढच्याची वाट बघत बसले.

पुढचं आलंच नाही.

आजोबांना ट्रकच्या दिवसांतल्या एका पंक्चर काढणाऱ्याची मुलगी दिसत होती. दिवेलागणीला ट्रक दुकानाकडे वळला की उजेडात तिचा एक डोळा पांढरा चमकायचा. सगळे ड्रायव्हर तिला मांजरी म्हणायचे. आजोबाही म्हणायचे, वर गोळ्या द्यायचे. एका खेपेला ती दिसली नाही. डोळ्यात मागच्या बाजूला गाठ होती म्हणे, कळलं तोवर मेंदूपर्यंत गेली होती. ही गोष्ट आजोबांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तिच्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं.

लेकीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "पुढे काय झालं, बाबा?"

"पुढे काही नाही."

"चमकला म्हणजे कसा?"

"पांढरा." बशीसारखा, असं तोंडावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "तीनदा बघितलं. उजवा नाही चमकला."

हसणं एकेकाच्या तोंडावर विझत गेलं. माणसाच्या डोळ्यात ते आरशासारखं अस्तर नसतंच, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिथून पांढरा उजेड परत येत असेल, तर आत नको ते काहीतरी वाढतंय. पण लेकीला कळलं ते त्याच्याही आधी. जन्मात पहिल्यांदा बापानं गोष्टीत पदरचं काही घातलं नव्हतं.

तिनं पडदे ओढले. मावशींनी न सांगता दिवे घालवले. आजोबांनी मुंगीला स्टुलावर बसवलं आणि पडू नये म्हणून मागून धरलं. लेक तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मुंगे, आईकडे बघ."

मोबाइलची बॅटरी लागली. विझली. पुन्हा लागली. आजोबांना मागून नातीचा डोळा दिसत नव्हता, लेकीचा चेहरा तेवढा दिसत होता. ते तो वाचत होते. तिसऱ्यांदा बॅटरी लागली तेव्हा तो वाचायची गरज उरली नव्हती.

तिनं मुंगीला उचलून छातीशी घेतलं. काचेवरचा काप तसाच वाळत राहिला. गाडी कुणाची आहे, तिनं विचारलं, डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय, आत्ताच्या आत्ता. दोघंजण किल्ल्या घेऊन पळाले.

दारात आजोबांनी तिचा दंड धरला.

"अगं, भाग की दहानं," ते म्हणाले. "रोज भागतेस, मग आजच का भागत नाहीस?"