डाव्या बाजूचा ठिपका

विमानाच्या डाव्या पंखापुढं उभं राहून बंडप्पा मिस्त्रींनी दुसऱ्या विमानातून काढून आणलेलं यंत्र उंच धरलं. "हितं? दिसतंय का?"

"न्हाय," आत बसलेली शिवप्रिया म्हणाली.

जवळ आलेलं विमान पडद्यावर ठिपक्यानं दाखवायचं आणि वाजून सावध करायचं, एवढंच या यंत्राचं काम. या विमानातलं तिनंच बसवलं होतं. बंडप्पा शेपटीमागं, उजवीकडं गेले तेव्हा ठिपका स्पष्ट होता. डावीकडं आले, की पडदा कोरा.

काल शिकाऊ वैमानिक सोनाली हेच विमान उडवत असताना डावीकडूनच दुसरं विमान अगदी जवळून गेलं होतं. "यंत्र वाजलंच नाही सर," ती रडत सांगत होती. तिला शिकवणाऱ्या कॅप्टननी शिवप्रियाला विचारलं, "यंत्र तपासलेलं आहे ना?" शिवप्रियानं होकारार्थी मान हलवली होती. ती एक मान हलली, सोनाली खोटी ठरली आणि तिचं प्रशिक्षण थांबलं. आज परंड्याहून तिचे वडील, लिंबाजी, तिला न्यायला आले होते. हँगरच्या दाराशी ते मोटारसायकलला तिची पेटी बांधत होते.

"यंत्राचं काय घिऊन बसलीस?" बंडप्पा म्हणाले. "काल देवीनंच वाचवलं पोरीला."

देवी शिवप्रियाच्या समोरच होती. खंडेनवमीला अवजारांबरोबर विमानाचीही पूजा झाली, तेव्हा बंडप्पांनी तुळजापूरहून तळहाताएवढी तांब्याची तसबीर आणली. विमानाच्या पुढच्या काचेमागं मधोमध यंत्राचा अँटेना होता. "देवीला कोपऱ्यात बसवती व्हय? त्येला सरकव की जरा." तिनं अँटेना चार बोटं मागं, तसबिरीच्या उजव्या कडेला सरकवला. अँटेना धातूपासून वीतभर लांब हवा, हे तिच्याच वहीत तिच्याच अक्षरात होतं. पण मिस्त्रींना नाही कसं म्हणायचं?

तिनं नखानं तसबीर सोडवली. मांडीवर ठेवली.

ठिपका उमटला. यंत्र कर्कश वाजू लागलं.

"वाजलं! बघ, म्या म्हनलं नव्हतं, आईच्या कृपेनं..." बंडप्पा हसत काचेशी आले. तिच्या मांडीकडं पाहिलं आणि हात हळूहळू खाली आला.

दाराशी दोरीची गाठ अर्धी राहिली. कॅप्टन केबिनमधून बाहेर आले. सोनालीनं वळून पाहिलं.

"बंद कर की ते," बंडप्पा पुटपुटले.

शिवप्रियानं बटणाकडं हात नेला नाही; दोन्ही हात तसबिरीवर ठेवले. यंत्र वाजतच राहिलं.