परीकथा सांगणारी

दादरच्या चित्रकला वर्गात दर्शनाची शेवटची परीक्षा होती. जुन्या जर्मन चित्रांत परीकथा सांगणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात, तशी एक रंगवायची होती. मॉडेल म्हणून भोईवाड्याच्या तारामावशी आल्या आणि डोक्याला रुमाल बांधून, शाल पांघरून बसल्या.

"नुसता गप बसान कंटाळो येता रे पोरांनो," म्हणत त्यांनी वेताळाच्या घरी भांडी घासायला राहिलेल्या पोरीची गोष्ट सुरू केली.

घंटा झाली तेव्हा दर्शना दचकून भानावर आली. तिचा कागद कोराच होता. आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांचेच कोरे. सर दारात कधीपासून उभे होते, कोणास ठाऊक. आता सगळे नापास, या विचाराने तिने घाईघाईने पेन्सिल उचलली.

सरांनी आत येऊन स्टूल पुढे ओढलं.

"मावशी, वेताळ घरी परत आला. मग पोरीचं काय झालं?"