तिसरा आग्रह

सूर्यभानजी पाटलांचे पुत्र खुशालराव, खुशालरावांचे शेषराव आणि शेषरावांचा थोरला तो माझा नातू विश्वनाथ. मिरचीची रोपे आणायला तो प्रथमच एकटा, सर्व्हिस मोटारीने अकोल्याहून पातूरला निघाला. मुक्काम भाजीचा मळा करणाऱ्या गंगूबाई माळणीकडे होता. प्रवासाची रीत मीच त्याला शिकवली. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा, मोटारीच्या वेळेआधी अड्ड्यावर पोहोचावे आणि परक्या घरी तिसऱ्या आग्रहाखेरीज पाटावर बसू नये.

दुसऱ्या दिवशी तो सुकल्या तोंडाने परतला.

"काहून रे, जेवला नाही?"

"आजी, मावशीनं दोनदा इचारलं, मी नको म्हनलं. तिसऱ्यांदा तिनं इचारलंच नाही. 'आमच्या घरचं पाटलाले चालत नसन,' म्हने, अन् डोये पुसत आत गेली."

माझ्याच शिकवणीने एका भल्या बाईचा तिच्याच घरात अपमान झाला होता. त्या दिवशी मलाही घास गिळवेना. सकाळच्या पहिल्या मोटारीने मी पातूर गाठले.

 

गंगूबाईने दार उघडले, तशी मी सरळ तिच्या चुलीपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "मले भूक लागली, गंगूबाई. पोराची राह्यलेली भाकरही मलेच वाढ."